ध्वनिक्षेपकातील चुंबक आणि ग्रामीण श्रोता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१९२५ मध्ये राइस व केलॉग यांनी सिद्ध केलेल्या ध्वनिक्षेपकात विद्युत् चुंबक होता. तत्कालीन पोलादी स्थायी चुंबक पुरेसे प्रबळ नव्हते. विजेवरील रेडिओत त्याची कुंडली पुरवठ्यातील गुणगुणही शमवीत असे; मात्र तिला सतत वीज लागे. १९३१ मध्ये जपानमध्ये मिशिमा यांनी लोह, निकेल व अॅल्युमिनियम यांचा प्रबळ चुंबकीय मिश्रधातू शोधला. त्यातूनच पुढे अल्निको विकसित झाले.

१९४८ मध्ये नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाले. कळंबसारख्या तालुक्यांतील वीज न पोहोचलेल्या वस्त्यांना बॅटरीवरील रेडिओच उपयोगी होता आणि विद्युत् चुंबकाने ती बॅटरी लवकरच रिती केली असती. या दोन चुंबकांचे श्रेष्ठत्व सामान्यतः ध्वनीच्या गुणवत्तेवरून ठरविले जाते. ग्रामीण इतिहासाच्या दृष्टीने मात्र स्थायी चुंबकाला वीज लागत नाही, हीच बाब निर्णायक ठरते.