परीक्षकाचा शेरा आणि वाचकाचे मत

वाचलेल्या पुस्तकावर मत लिहून ते छापण्याची प्रथा मराठीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. परंतु तिच्या आरंभी वाचक नव्हता, परीक्षक होता. पेशवाईत श्रावणमासात ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या द्रव्यदानाला दक्षिणा म्हणत. इंग्रजी अमलातही हा खर्च काही प्रमाणात चालू राहिला आणि लोकहितवादी प्रभृतींनी मागणी केल्यावर त्यातील काही रक्कम मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ वळवून १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. ग्रंथकाराने हस्तलिखित पाठवावे, नेमलेल्या विद्वानांनी ते तपासावे आणि पसंत पडल्यास बक्षीस द्यावे, अशी ही पद्धत असल्याने ग्रंथाविषयीचे मत म्हणजे उत्तरपत्रिकेवरील शेरा ठरला. जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ मध्ये या कमिटीपुढे आले व नापसंत झाले. ते छापून निघायला १९७९ साल उजाडले. तपासणाराच्या एका नकाराचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, याचा याहून बोलका पुरावा मराठीत क्वचितच सापडेल.

१८६७ मध्ये निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’ने पुस्तकपरीक्षणाला मासिकात स्थान दिले आणि १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या ‘निबंधमाले’ने त्याला धार दिली. ग्रंथकाराची भीड न बाळगता लिहावे, हे चिपळूणकरांनी मराठीला शिकवले, हे त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु ‘गुलामगिरी’वर लिहिताना त्यांनी फुले यांच्या शुद्धलेखनावर आणि व्याकरणावर जितका भर दिला, तितका त्या ग्रंथातील वेदना समजून घेण्यावर दिला नाही. कमिटी मागे पडली तरी परीक्षकाची दृष्टी टिकून राहिली, असेच येथे म्हणावे लागते.

या दृष्टीहून सर्वस्वी वेगळे वाचन १८८२ मध्ये पुण्यात छापलेल्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या छोट्या पुस्तकात आढळते. त्याच्या लेखिका ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या. सुरतेतील एका ब्राह्मण विधवेवरील बालहत्येच्या खटल्यानंतर वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जो दोषारोप झाला, त्याला उत्तर देण्यासाठी त्यांनी लेखणी उचलली; मात्र लिहिता लिहिता त्या आपल्या वाचनाकडे वळल्या. ‘मनोरमा’ नाटक, तसेच ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्या, म्हणजे त्या काळी वाचकप्रिय असलेल्या अद्भुतरम्य कथा, त्यांनी समोर घेतल्या आणि पुरुषांनी रंगवलेली स्त्री घरोघरी नांदणाऱ्या स्त्रीशी ताडून पाहिली. पुराणकथाही यातून सुटल्या नाहीत: पतीचे प्राण परत आणणारी सावित्री सर्वांना ठाऊक आहे, पण पत्नीसाठी यमाच्या दारी गेलेला पती कोणता, असा त्यांचा सवाल होता. येथे निकष व्याकरणाचा नाही, अलंकारशास्त्राचाही नाही. वाचणाऱ्या व्यक्तीचे जगणे हाच निकष आहे. रूढ अर्थाने हे ग्रंथपरीक्षण नव्हे, तरीही मराठीतील स्त्रीवादी समीक्षेचा आरंभ येथूनच मानणे न्याय्य ठरते.

बहुतेक समकालीनांनी या धैर्याची कदर केली नाही. फुले यांनी १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेऊन त्यांची हेटाळणी करणाऱ्या संपादकांना खडसावले, पण त्यानंतर पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले; १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केले, तेव्हा कुठे अभ्यासकांचे त्याच्याकडे लक्ष वळले.