मोफा ते महारेरा : आपल्या घराच्या कायद्याचा प्रवास आणि त्यातल्या सुटी



रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं समितीने सांगितलं तेव्हा मनात आलं की पहिल्या गणेशोत्सवाच्या आठवणी, पाण्याच्या टाकीचं भांडण, गच्चीवरची कोजागिरी हे सगळं इतर मंडळी लिहितीलच. मी आठ वर्षं सचिव होतो. माझ्या वाट्याला आल्या त्या फायली. म्हणून फायलींचीच गोष्ट सांगतो. कंटाळवाणी वाटेल, पण मागच्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा विषय निघाला आणि त्याच सभेत एक वाक्य चारदा ऐकू आलं, “ते रेराच्या बाहेर आहे, काळजी नको.” हे वाक्य ऐकल्यावर काळजी करावी की करू नये, हे कळायला थोडा इतिहास माहीत हवा.

सुरुवात १९६० पासून करू. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २० मे १९६० रोजी सरकारने एक समिती नेमली. विषय होता मालकी तत्त्वावरच्या फ्लॅटच्या विक्रीतले गैरप्रकार. तोपर्यंत फ्लॅट विकत घेणं ही आपल्याकडे नवीच गोष्ट होती. माणसं एक तर भाड्याने राहायची, नाही तर स्वतःचं घर किंवा वाडा असायचा. आपल्या नाशकात तर वाडाच. जमीन एकाची, इमारत एकाची आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या तिसऱ्याच्या, हा प्रकार जुन्या कायद्यांना ठाऊकच नव्हता. समितीने जून १९६१ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९६३ चा महाराष्ट्र मालकी फ्लॅट कायदा आला. त्यालाच आपण ‘मोफा’ म्हणतो.

मोफाने तीन मोठ्या गोष्टी केल्या. पहिली, पैसे घेण्याआधी बिल्डरने लेखी करार करायचा, तो नोंदवायचा आणि आगाऊ रक्कम किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायची नाही. दुसरी, पुरेसे फ्लॅट गेले की खरेदीदारांची सोसायटी स्थापन करून द्यायची. तिसरी, जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायची, म्हणजेच कन्व्हेयन्स. नियमाप्रमाणे, करारात दुसरी मुदत ठरली नसेल तर सोसायटीच्या नोंदणीनंतर चार महिन्यांत.

मात्र मोफात एक गोष्ट नव्हती. बांधणाऱ्याला किंवा विकून देणाऱ्या एजंटला कुठेही आधी नोंदणी करावी लागत नव्हती. किराणा दुकानाला परवाना लागायचा, रिक्षाला परमिट लागायचं. लाखाचा फ्लॅट विकून देणाऱ्याला एक वही आणि चहाच्या टपरीवरचा फोन पुरायचा. चूक झाली तर कोर्टात जा, एवढाच उपाय.

आपल्यापैकी जुन्या सभासदांना हे वेगळं सांगायला नको. १९९८ साली आपल्या इमारतीचं बुकिंग चालू होतं तेव्हा आपल्यातल्याच एका कुटुंबाने एका एजंटाला २१ हजार रुपये टोकन दिलं होतं. पावती नव्हती. ‘आपलीच माणसं, पावती काय मागायची’ असा तो काळ. तो एजंट पुढे दिसला नाही. बिल्डरने हात वर केले की माझ्याकडे पैसे पोचलेच नाहीत. त्या घरातल्या काकूंनी बांगड्या मोडून दुसऱ्यांदा टोकन भरलं. आज त्या आपल्यात नाहीत, पण ही गोष्ट त्या हसत हसत सांगायच्या. तेव्हा तक्रार नेमकी कुठे करायची हेच कोणाला माहीत नव्हतं, कारण त्या एजंटाचं नाव कुठल्याच सरकारी यादीत नव्हतं.

सोसायटीची नोंदणी २००० साली झाली. कन्व्हेयन्स चार महिन्यांत व्हायचं, ते झालं नाही. बिल्डर ‘करतो’ म्हणत राहिला. आपल्यासारख्या हजारो सोसायट्या राज्यभर अशाच ताटकळत होत्या. शेवटी २००८ साली मोफात दुरुस्ती झाली आणि ‘मानीव अभिहस्तांतरण’ म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची वाट निघाली. बिल्डर सही करत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, सुनावणी होते आणि आदेश मिळतो. आपल्याला तो आदेश २०१४ मध्ये मिळाला. त्या दिवशी खाली पार्किंगमध्ये पेढे वाटले होते, आठवतंय ना?

आता नोंदणीकडे येऊ. महाराष्ट्राने २०१२ साली स्वतःचा गृहनिर्माण नियमन कायदा केला. त्याला राष्ट्रपतींची संमती २०१४ मध्ये मिळाली. पण तेवढ्यात केंद्राचा कायदा पुढे सरकला. तो म्हणजे स्थावर संपदा कायदा २०१६, आपला ‘रेरा’. गंमत अशी की या केंद्रीय कायद्याच्या शेवटच्या, ९२ व्या कलमात आपल्या राज्याचा २०१२ चा कायदा नाव घेऊन रद्द केला आहे. मोफा मात्र रद्द केला नाही. तो आजही चालू आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोग आहे.

महारेरा हे प्राधिकरण मार्च २०१७ मध्ये स्थापन झालं आणि १ मे २०१७ पासून रेराची उरलेली सगळी कलमं लागू झाली. म्हणजे पुन्हा महाराष्ट्र दिनच! त्या वर्षी काम चालू असलेल्या प्रकल्पांनाही ३१ जुलैपर्यंत नोंदणी करणं भाग पडलं. बिल्डर मंडळी हायकोर्टात गेली, पण डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. नोंदणीशिवाय जाहिरात नाही, विक्री नाही. खरेदीदारांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात. करार न करता १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. नाशिक जिल्ह्यातल्या प्रकल्पांचे नोंदणी क्रमांक ‘पी ५१६’ ने सुरू होतात. आता कॉलेज रोडवरचं होर्डिंग बघा, कोपऱ्यात तो क्रमांक आणि क्यूआर कोड असतो.

आणि आता मूळ मुद्दा, सुटींचा. कायद्याच्या तिसऱ्या कलमात तीन प्रकारच्या कामांना नोंदणीतून सूट आहे. एक, जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा सगळे टप्पे धरून फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील. दोन, कायदा लागू होण्याआधीच ज्याला पूर्णत्वाचा दाखला मिळाला आहे असं बांधकाम. आपली इमारत या खान्यात येते. तीन, दुरुस्ती, नूतनीकरण किंवा पुनर्विकास, पण ज्यात जाहिरात, विक्री किंवा नव्याने वाटप होणार नाही असा.

पहिल्या सुटीचा इतिहास बघण्यासारखा आहे. २०१३ च्या मूळ विधेयकात ही मर्यादा १,००० चौरस मीटर किंवा १२ फ्लॅट अशी होती. राज्यसभेच्या प्रवर समितीने ती कमी करून ५०० आणि ८ वर आणली. हेतू असा की दोन भावांनी बंगला पाडून चार फ्लॅट बांधले तर त्यांच्यावर मोठ्या बिल्डरएवढा कागदपत्रांचा बोजा नको. हेतू चांगलाच आहे.

पण आपलं नाशिक डोळ्यांसमोर आणा. इंदिरानगर, गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, कुठेही गल्लीत शिरा. बंगल्याचा प्लॉट, खाली पार्किंग, वर चार मजले, मजल्यावर दोन फ्लॅट. चार दुणे आठ! एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, म्हणजे पूर्ण पाच गुंठे भरले तर जमिनीची मर्यादा जेमतेम ओलांडली जाते. पण कायद्यातला शब्द ‘आणि’ नाही, ‘किंवा’ आहे. फ्लॅट आठच असतील तर प्लॉट सहा गुंठ्यांचा असला तरी सूट. म्हणजे दिल्लीत जो आकडा अपवाद म्हणून ठरला, तो आपल्या गल्लीत नेहमीचा नमुना आहे.

म्हणून आपल्या मुलाबाळांना अशा इमारतीत घर बघताना नीट सांगा. नोंदणी नाही म्हणजे फसवणूक आहे असं मुळीच नाही. कितीतरी छोटे बिल्डर प्रामाणिक आहेत, आणि सूट कायद्यानेच दिली आहे. पण महारेराच्या संकेतस्थळावर त्या इमारतीचे नकाशे, मुदत, कोर्टातले दावे, काहीच दिसणार नाही. ते काम तुम्हाला स्वतः करावं लागेल : सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, वकिलाचा टायटल सर्च, महापालिकेची बांधकाम परवानगी आणि शेवटी पूर्णत्वाचा दाखला. मोफा लागू आहे, त्यामुळे नोंदणीकृत करार, सोसायटी आणि कन्व्हेयन्स हे हक्क सुटत नाहीत. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच सभासदांचीही गृहनिर्माण सोसायटी होऊ शकते. आपल्या वेळी दहा लागायचे.

दुसरी बाजू एजंटांची. रेराच्या नवव्या कलमाने एजंटालाही नोंदणी सक्तीची केली. नोंदणी पाच वर्षांची असते. व्यक्तीला शुल्क १० हजार रुपये, कंपनी-संस्थेला एक लाख. २०२३ मध्ये महारेराने त्यांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. काकूंच्या त्या टोकनचा काळ संपला, असं वाटतं ना? पण कलम नीट वाचा. नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पातला, बिल्डर विकत असलेला फ्लॅट विकून देणाऱ्याला. तुम्ही तुमचा फ्लॅट स्वतः विकलात तर नोंदणी नको. तुमचा जुना फ्लॅट दुसऱ्याला मिळवून देणाऱ्या एजंटालाही या कलमाने नको. भाडेकरू आणून देणाऱ्यालाही नको. आठ फ्लॅटच्या स्कीमचे फ्लॅट विकणाऱ्यालाही नको.

परदेशात ही रेघ वेगळी ओढलेली दिसते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९१९ सालीच दलालांना परवाना लावला आणि पुढे इतर राज्यांनीही तेच केलं. तिथे घर जुनं की नवं याने फरक पडत नाही. सूट मिळते ती माणूस कोण आहे त्यावरून : स्वतःचं घर विकणारा मालक, वकिलीच्या कामातला वकील, मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा. आपल्याकडे सूट मिळते ती घर कुठलं आहे त्यावरून. त्यामुळे एकच एजंट सकाळी नव्या टॉवरचा फ्लॅट दाखवताना कायद्याच्या आत असतो आणि संध्याकाळी आपल्या बी विंगमधला रिसेलचा फ्लॅट दाखवताना बाहेर. माणूस तोच, चहासुद्धा तोच. म्हणून रिसेलचं टोकन देताना ते थेट मालकाच्या खात्यात, चेकने किंवा ऑनलाइन द्या आणि पावती घ्या. एजंटाची दलाली वेगळी, तीही लेखी ठरवून.

शेवटी आपल्या पुनर्विकासाबद्दल. सभेत म्हटलं गेलं की पुनर्विकासाला सूट आहे. अर्धंच खरं आहे. जुन्या २४ सभासदांनाच घरं द्यायची आणि एकही फ्लॅट बाहेर विकायचा नाही, असं असेल तर सूट. पण एवढा खर्च निघणार कुठून? वाढीव फ्लॅट विकूनच. ते विकायचे म्हटल्यावर, आपला प्लॉटही मोठा आणि फ्लॅटही आठपेक्षा जास्त, त्यामुळे नोंदणी लागणारच. आणि आपण स्वयंपुनर्विकास करायचं ठरवलं तर कायद्याच्या व्याख्येत ‘प्रवर्तक’ आपली सोसायटीच ठरते. मग नोंदणी आपल्याला करायची, ७० टक्क्यांचं खातं आपल्याला सांभाळायचं आणि मुदत चुकली तर उत्तरही आपल्यालाच द्यायचं.

आणखी एक. बाहेरच्या नव्या खरेदीदाराला रेराचं जेवढं संरक्षण आहे, तेवढं जुन्या सभासदाला आपोआप मिळेल असं धरून चालू नका. आपले हक्क मुख्यतः आपण सही करू त्या विकास करारावर उभे असतील. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात सभेची दोन तृतीयांश गणपूर्ती, ५१ टक्के संमती, चित्रीकरण अशी सगळी पद्धत दिली आहे. ती कंटाळा न करता पाळू या.

“रेराच्या बाहेर आहे, काळजी नको,” असं यापुढे कोणी म्हणालं की एकच प्रश्न विचारा, “कुठल्या सुटीत बसतं, दाखवता का?” ज्याचं काम स्वच्छ आहे तो लगेच दाखवेल. सिंहस्थ तोंडावर आला आहे, शहरात जमिनीचे भाव आणि एजंटांच्या फेऱ्या दोन्ही वाढल्या आहेत. हा प्रश्न या दोन-तीन वर्षांत बराच उपयोगी पडेल.

सोसायटीच्या कपाटात डाव्या हाताला खालच्या कप्प्यात निळी फाईल आहे. तिच्यात करार, नोंदणीचा दाखला, मानीव अभिहस्तांतरणाचा आदेश, सगळं क्रमाने लावून ठेवलं आहे. नव्या समितीने ती एकदा वाचावी आणि तरुण सभासदांनीही चाळावी. काही अडलं तर मी दुसऱ्या मजल्यावर आहेच. संध्याकाळी सहानंतर या, चहा घेऊ.

— एक माजी सचिव