मंत्राला आधी थेंब लागतो

माझा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. शनिवारी रात्री मित्र जमवून तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली काढलेला हा खेळ. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात आणि पुढं काय घडलं ते फासा टाकून ठरतं. पाणी निर्माण करायचा मंत्र त्यात पहिल्यापासून आहे. २०१४च्या नियमांप्रमाणं अगदी नवखा पुजारीसुद्धा दहा गॅलन, म्हणजे ३८ लिटरच्या आसपास, चांगलं पाणी भांड्यात आणतो. आमच्या हिशेबात दोन-अडीच हंडे. त्यासाठी फासाही टाकावा लागत नाही. मंत्राचं साहित्य एकच, पाण्याचा एक थेंब. पाणी नाहीसं करायचं असलं तर वाळूचे थोडे कण.

हे ज्यानं लिहिलं त्यानं आमच्या लातूर-नांदेडकडची अहमदपूर, लोहा, कंधार ही नावंही ऐकली नसतील. पण आमच्याकडच्या पाण्याच्या जादूला आधी थेंब लागतो, हे त्याला बरोबर सापडलं.

धोंडी घ्या. मृग कोरडा गेला की गावातली पोरं एकाला कमरेपासून डोक्यापर्यंत लिंबाच्या डहाळ्यांनी मढवायची. दोघं खांद्यावर मुसळ धरायचे आणि मुसळाला बेडूक टांगलेला. दारात वरात आली की घरची बाई तांब्याभर पाणी धोंडीच्या डोक्यावर ओतायची आणि पसाभर जोंधळे झोळीत टाकायची. रांजणाच्या तळाला गेलेलं पाणीसुद्धा त्या दिवशी निघायचं. त्याहून जबर प्रकार महादेव कोंडण्याचा. गाभाऱ्याचं दार लिंपून बंद करायचं आणि पिंड बुडेपर्यंत आत पाणी भरायचं, म्हणजे देव गुदमरून पाऊस सोडतो. घागरी कुठून यायच्या? ज्या विहिरीला अजून पाणी आहे तिथूनच. सरकारनं २००३ साली आणि पुन्हा २०१५ साली विमानातून ढगांत सिल्व्हर आयोडाइड फवारलं, त्याचीही रीत तीच. ढगात आधी पाणी असेल तर फवारणीचा उपयोग. मोकळ्या आभाळातून ती काही काढू शकत नाही.

जमिनीखालच्या पाण्याचा मांत्रिक म्हणजे पाणाड्या. मी बरीच वर्षं बोअरच्या गाड्यांची बुकिंग घेतली, त्यामुळं ही मंडळी जवळून पाहिली. कुणी तळहातावर नारळ आडवा ठेवून शेत चालतो आणि नारळ उभा राहिला की थांबतो. कुणी लिंबाची दुबेळकी काडी धरतो, कुणी तांब्याच्या दोन तारा. पायाळू माणसाला, म्हणजे पायाकडून जन्मलेल्याला, धन आणि पाणी दोन्ही दिसतं, ही समजूत जुनी. अशा माणसावर वीज पडते असंही म्हणतात, म्हणजे शक्तीची किंमत ठरलेलीच. एका पाणाड्याचा हात मी निरखून पाहायचो. नारळ उठायच्या आधी त्याचा अंगठा किंचित आत वळायचा. तो फसवत नव्हता, अंगठ्याचं त्यालाच कळत नव्हतं. मनात जागा ठरली की हात तिच्यामागं जातो.

आणि जागा ठरवताना तो डोळे मिटून चालत नव्हता. उंबर कुठं आहे, वारूळ कुठं, वैशाखातही हिरवळ कुठं टिकते, ओढ्याचा उतार कसा, हे त्यानं बांधावरूनच टिपलेलं असायचं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त यावर ‘दकार्गल’ नावाचा आख्खा अध्याय लिहिला आहे. त्यात जांभूळ, उंबर, अर्जुन, वारुळं, सगळं आहे आणि खोली पुरुषांत मोजलेली आहे. युरोपात अ‍ॅग्रिकोलाच्या १५५६ सालच्या खाणकामाच्या ग्रंथात दुबेळकी काडी घेतलेली माणसं चित्रातच दिसतात, फक्त ती धातू शोधतायत. अ‍ॅग्रिकोलाचा काडीवर विश्वास नव्हता. माझाही नाही.

तरी पाणाड्याचा नावलौकिक खोटा नव्हता, आणि याचं कारण खडकात आहे. लातूर सगळं आणि नांदेडचा बराच भाग लाव्ह्याच्या थरांवर बसलाय. ग्रॅनाइट लागतो तो देगलूर-बिलोलीकडं. वर माती, मग मुरूम, मग फुटलेला खडक. पाणी मुरतं ते इथवर. त्याखाली काळा पाषाण, त्यात पाणी फक्त भेगांत. जुनी विहीर पाच-सात परस खोल आणि वीस-पंचवीस फूट रुंद. एवढं तोंड उघडल्यावर चहूबाजूंचा पाझर कुठून तरी गाठणारच. पाणाड्यानं फुली कुठंही मारली तरी बऱ्या साली पाणी लागायचं आणि श्रेय नारळाला जायचं.

१९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे हापसे आले, भूजल सर्वेक्षणाचं सरकारी खातं आलं, पुढं शेतात बोअर आले. बोअरचं तोंड साडेसहा इंच. अंदाज तोच, निशाण मात्र एवढंसं झालं. पाणाड्याचा धंदा बुडाला नाही, उलट वाढला, कारण चुकायची भीती वाढली. पॉइंटची दक्षिणा आधीच द्यायची, मग पाणी लागो की फफुटा उडो.

दक्षिणा पाण्याच्या देवतांनाही लागते. विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड असतात, त्या साती आसरा. त्यांना हिरव्या बांगड्या, दहीभात. काही जुन्या लोककथांत बारवेला पाणी लागावं म्हणून सून बळी देतात, तेव्हा कुठं झरा फुटतो. त्या कथांत पाण्याची किंमत बाईच का देते, हा प्रश्न मला नेहमी पडतो. उलट, कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातलं जगत्तुंग सागर हे तळं आहे. ते बांध घालून अडवलेल्या पाण्यानं भरतं, पण त्याची ओवी कुणी गात नाही.

मार्च २०१६मध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमाव नको म्हणून १४४ कलम लागलं. शहराला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पहिलं पाणी आलं, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या खेळातला पुजारी आणला असता तर तेवढ्यासाठी त्याला तेरा हजारांहून जास्त वेळा मंत्र म्हणावा लागला असता. पुढं पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. हे कृष्णेकाठचं पाणी होतं, तिकडं असलेलं इकडं आणलेलं.

त्याच उन्हाळ्यात बोअरच्या गाड्यांना सवड नव्हती. गाड्या बहुतेक तमिळनाडूच्या तिरुचेंगोडकडच्या. ड्रायव्हरला मराठीतले आकडे तेवढे यायचे. पाणाड्याच्या फुलीवर गाडी उभी राहायची, मालक कापूर लावून नारळ फोडायचा, खोबरं सगळ्यांना वाटलं जायचं आणि मशीन सुरू. वीस फुटांचा एकेक रॉड उतरायचा. चारशे फूट, पाचशे, नुसता राखाडी फफुटा. भाव फुटावर, केसिंगचे वेगळे. मी मालकाला म्हणायचो, भाऊ, आता थांबा, खाली पाषाणच आहे. तो एकदा पाणाड्याकडं बघायचा, एकदा फुलीकडं, आणि ड्रायव्हरला बोटांनी खूण करायचा, अजून पन्नास.