एक टेबल, दोन संगणक : केव्हीएम स्विचचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा प्रक्रियक, स्मृती आणि कार्यप्रणाली यांच्या प्रगतीभोवती फिरते. माणूस ज्या साधनांना प्रत्यक्ष हात लावतो व ज्याकडे दिवसभर पाहतो, त्या कळफलक, माउस व मॉनिटर यांच्या वाटणीचा इतिहास मात्र दुय्यम मानला जातो. एकच मॉनिटर, एकच कळफलक आणि एकच माउस दोन संगणकांना आळीपाळीने जोडून देणारी छोटी पेटी हे या इतिहासाचे एक बोलके साधन आहे. कीबोर्ड, व्हिडिओ व माउस या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘केव्हीएम स्विच’ म्हणतात. ही पेटी कोणत्या गरजेतून निर्माण झाली, तिच्यासमोर कोणत्या अडचणी आल्या आणि माणूस व यंत्र यांच्या नात्याविषयी तिच्यातून काय दिसते, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१. एक संगणक, अनेक माणसे

प्रारंभीच्या काळात वाटून घेण्याची वस्तू होती ती खुद्द संगणक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसविण्यात आला, तेव्हा देशातील अनेक संस्थांचे संशोधक त्या एकाच यंत्रावर अवलंबून होते. अमेरिकेत एमआयटी येथे फर्नांडो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये कालविभाजन पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखविले. या पद्धतीत अनेक व्यक्ती आपापल्या टर्मिनलवरून एकच संगणक वापरत आणि संगणक आपला वेळ त्यांच्यात वाटून देत असे. यंत्राचा वेळ महाग आणि माणसाचे थांबणे स्वस्त, हे त्या काळाचे गणित होते.

२. प्रमाणाचे उलटणे

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला व्यक्तिगत संगणक बाजारात आणला आणि हे गणित बदलू लागले. प्रत्येक यंत्राबरोबर स्वतंत्र कळफलक व मॉनिटर आला. कार्यालयांतील सर्व्हरच्या खोल्यांत अशा यंत्रांची संख्या वाढली. परंतु त्यांतील बहुतेकांच्या पडद्याकडे दिवसातून एखाद्या वेळीच पाहावे लागे. घरांमध्येही नवा संगणक आल्यावर जुना बंद पडलेला नसे. त्या काळचा १७ इंची काचेच्या नळीचा मॉनिटर सुमारे १५ ते २० किलो वजनाचा असे आणि टेबलाचा मोठा भाग व्यापत असे. दोन संगणकांसाठी असे दोन मॉनिटर मांडणे मध्यमवर्गीय घराच्या खोलीला व खिशाला सहज परवडणारे नव्हते.

वाटणीसाठी आधी समानता आवश्यक होती. आयबीएमच्या सुरुवातीच्या एकरंगी व रंगीत मॉनिटरांची नऊ पिनांची जोडणी दिसायला सारखी असली तरी त्यांचे संकेत परस्परांशी जुळत नसत. १९८७ मध्ये पीएस/२ मालिकेबरोबर व्हीजीए ही १५ पिनांची जोडणी आणि कळफलक व माउस यांसाठी सहा पिनांची छोटी गोल जोडणी आली. इतर उत्पादकांनीही ती स्वीकारल्यावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन संगणकांना एकच सामग्री जोडणे शक्य झाले. थोडक्यात, केव्हीएम स्विचचा प्रसार हे प्रमाणीकरणाचे फळ होते.

३. यांत्रिक खटक्याच्या मर्यादा

पहिल्या पिढीतील पेटीत केवळ एक फिरता खटका असे. तो ‘अ’वरून ‘ब’वर नेला की सर्व तारा एका संगणकापासून तुटून दुसऱ्याला जोडल्या जात. दिव्याच्या बटणाइतकी सोपी वाटणारी ही युक्ती व्यवहारात अनेकदा फसे. संगणक सुरू होताना आपल्याला कळफलक जोडलेला आहे की नाही, हे तपासतो. खटका दुसऱ्या बाजूला असेल, तर पहिले यंत्र कळफलक सापडत नसल्याचे सांगून तेथेच थांबे आणि पुढे जाण्यासाठी एफ-१ ही कळ दाबण्याची सूचना करी! जो कळफलक सापडला नाही, त्याच्यावरचीच कळ दाबण्यास सांगणारा हा संदेश संगणक वापरणाऱ्यांमध्ये विनोदाचा विषय झाला.

माउसची अडचण अधिक गुंतागुंतीची होती. पीएस/२ जोडणी यंत्र चालू असताना काढण्या-घालण्यासाठी घडविलेली नव्हती. चाक असलेले माउस आल्यावर संगणक त्यांच्याकडून तीनऐवजी चार बाइटांचे संदेश मागू लागला. खटका फिरविल्याने माउसचा वीजपुरवठा क्षणभर तुटला की तो पुन्हा तीन बाइटांवर येई. संगणक मात्र चारच मोजत राही. परिणामी पडद्यावरील बाण सैरावैरा धावू लागे.

४. अनुकरणाचा उपाय

या दोषांवरील उपाय म्हणजे अनुकरण. पुढील पिढीच्या पेट्यांत सूक्ष्मनियंत्रक बसविण्यात आला. तो दोन्ही संगणकांना सतत ‘कळफलक व माउस हजर आहेत’ असे भासवीत राहतो. प्रत्येक संगणकाच्या कॅप्स लॉक व नम लॉक यांची स्थिती तो स्वतंत्रपणे लक्षात ठेवतो आणि संगणक बदलताच कळफलकावरील दिवे त्यानुसार लावतो. पेटीला हात न लावता संगणक बदलण्यासाठी अनेक उत्पादकांनी स्क्रोल लॉक ही कळ दोनदा दाबण्याची सोय केली. आयबीएमच्या १९८१ च्या कळफलकापासून चालत आलेली, पण फारशी उपयोगात नसलेली कळ अशा रीतीने कामाला लागली.

पडद्याच्या बाबतीत प्रश्न संकेताच्या शुद्धतेचा होता. १०२४ × ७६८ बिंदूंचे चित्र सेकंदाला ६० वेळा दाखविताना सुमारे ६५ मेगाहर्ट्झ वारंवारतेचा संकेत हाताळावा लागतो. हलक्या प्रतीच्या तारांमुळे अक्षरांच्या कडेला पुसट सावल्या उमटत. शिवाय १९९४ पासून मॉनिटर आपली क्षमता स्वतः संगणकाला कळवू लागला. जी पेटी ही माहिती दोन्ही बाजूंना पोहोचवीत नसे, तिच्यामुळे संगणक चुकीच्या मापाचे चित्र पाठवी.

५. पेटीकडून प्रणालीकडे

१९९६ मध्ये यूएसबीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. चालू यंत्रास जोडणी करण्याची त्यात मुभा असल्याने जुन्या अडचणी कमी झाल्या. मात्र प्रत्येक बदलानंतर संगणकाला उपकरणाची नव्याने ओळख करून घ्यावी लागत असल्याने विलंब होई. १९९९ मधील डीव्हीआय व २००२ मधील एचडीएमआय यांमुळे चित्र अंकीय झाले. या उद्योगाचे आर्थिक महत्त्वही वाढले. २००० मध्ये अमेरिकेतील एपेक्स व सायबेक्स या कंपन्यांच्या विलीनीकरणातून अ‍ॅव्होसेंट ही कंपनी उभी राहिली आणि २००९ मध्ये ती विकत घेण्याचा करार एमर्सनने केला.

याच सुमारास दुसरी वाट निघाली. केंब्रिज येथील प्रयोगशाळेत विकसित झालेली व १९९८ मध्ये खुली करण्यात आलेली व्हीएनसी प्रणाली दूरच्या संगणकाचा पडदा जाळ्यावरून आपल्यासमोर आणू लागली. २००१ मधील सिनर्जी या प्रणालीने मॉनिटर स्वतंत्र ठेवून कळफलक व माउस तेवढे सामाईक केले; पडद्याच्या कडेला नेलेला बाण शेजारच्या संगणकावर उमटू लागला. २०२२ मध्ये अ‍ॅपलने ‘युनिव्हर्सल कंट्रोल’द्वारे तीच कल्पना आपल्या कार्यप्रणालीत समाविष्ट केली.

६. जोडणारी आणि वेगळे ठेवणारी

येथे एक मूलभूत फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. वरील प्रणाली दोन संगणकांना जाळ्याने एकमेकांशी जोडतात. खटक्याची पेटी त्यांना केवळ एका माणसाशी जोडते. गोपनीय माहितीचा संगणक व बाहेरच्या जाळ्यावरील संगणक एकाच टेबलावर वापरणाऱ्या शासकीय कार्यालयांसाठी हा फरक कळीचा ठरला. पेटीतून एका यंत्रातील माहिती दुसऱ्यात झिरपू नये, यासाठी सुरक्षिततेचे निकष ठरविण्यात आले.

हाच प्रश्न मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर घरोघरी पोहोचला. पुणे व मुंबई येथील माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील असंख्य कर्मचाऱ्यांच्या घरी कार्यालयाचा लॅपटॉप आला आणि तो घरच्या संगणकाशेजारी ठेवला गेला. कार्यालयाच्या यंत्रावर बाहेरची प्रणाली बसविण्याची परवानगी बहुधा नसते. त्यामुळे काहीही स्थापित न करता चालणारी जुनी पेटी पुन्हा उपयुक्त ठरली. ज्या टेबलावर मुलांचा अभ्यास चाले, तेथेच एका बटणाच्या अंतरावर कचेरी आली. कामाची वेळ केव्हा संपते, हे ठरविणाऱ्या भिंती नाहीशा झाल्या असताना निदान एक खटका तरी ती सीमा दाखवीत होता.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, साठ वर्षांत वाटणीची वस्तूच बदलली. पूर्वी दुर्मीळ असलेला संगणक अनेकांत वाटला जाई. आता अनेक संगणक एका माणसाचे दोन हात, दोन डोळे आणि त्याचे लक्ष वाटून घेतात. केव्हीएम स्विच प्रत्येक यंत्राला माणूस समोर असल्याचा भास देतो, परंतु माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असतो, ही वस्तुस्थिती तो बदलू शकत नाही. कोणते यंत्र केव्हा समोर घ्यावे आणि दोन्ही केव्हा बंद करावीत, हा निर्णय त्या पेटीपुढे बसलेल्या माणसाचाच राहतो.