मोटारसायकलचा दांडा आणि मागची स्प्रिंग

साखळीऐवजी फिरत्या दांड्यानें मागचें चाक चालविणारी बी. एम. डब्ल्यू. कंपनीची पहिली मोटारसायकल, आर ३२, ही १९२३ सालीं निघाली. तिची आखणी माक्स फ्रिट्झ या अभियंत्यानें केली. चाक चौकटीला जखडलेलें असलें म्हणजे दांड्याचें काम सरळ असतें. खड्ड्याचा धक्का मात्र स्वाराच्या मणक्यांनीं सोसावयाचा!

१९३८ च्या गाड्यांत आंसाच्या दोन्ही टोकांशीं उभ्या नळ्यांत स्प्रिंगा आल्या. चाकाची हालचाल बेताचीच होती. तरी १९३९ सालीं गेओर्ग मायर यानें आइल ऑफ मॅनची सीनियर शर्यत अशाच मांडणीच्या गाडीवर जिंकली; अर्थात् इंजिनांत हवा कोंबणाऱ्या पंपाचें श्रेय विसरतां येणार नाहीं.

१९५५ सालीं चौकटच बदलली. मागें झुलता बाहू आला, त्याच्या उजव्या नळींत दांडा बंद झाला आणि दांड्याचा सांधा बाहूच्या बिजागरीपाशीं नेला. ही जागा चुकली तर दांडा चाकाबरोबर सुखानें डोलत नाहीं.

एक खोड मात्र उरलीच. मूठ पिळतांच मागची दंतचक्रांची पेटी उलट फिरूं पाहते व गाडीची पाठ उचलली जाते. मूठ सोडली कीं ती खालीं बसते. वळणावर हें धोक्याचें. १९८७ सालच्या ‘पॅरालिव्हर’ रचनेंत ती पेटी बाहूला निराळ्या बिजागरीनें जोडली आणि एका कांबीनें पुढें बांधून धरली, तेव्हां ही उसळी पुष्कळ कमी झाली.

जुन्या गाडीला लांब बाहू लावणाऱ्या हौशी कारागिराला दांडाहि तितकाच लांबवावा लागतो. त्याचा तोल बिघडला तर थरथर साऱ्या चौकटींत पसरते.