जीर्णोद्धार आणि जतन : एका फियाट मोटारीच्या निमित्तानें

जुन्या वस्तूशीं माणसानें कसें वागावें, ह्याविषयीं आपल्या भाषेंत तीन शब्द रूढ आहेत. भिंतीचा पोपडा सुटला किंवा कौल फुटलें तर आपण डागडुजी करतों; देवळाचें शिखर ढांसळलें तर जीर्णोद्धार करतों; आणि पणजोबांचें मोडी दप्तर असेल तर त्याचें जतन करतों. वरवर पाहतां हे तीनहि शब्द एकाच कुळांतले वाटतात. परंतु त्यांच्या पोटीं तीन निरनिराळ्या वृत्ति आहेत. डागडुजींत वस्तूचें काम आज अडूं नये एवढीच काळजी असते. जीर्णोद्धारांत तें काम पुढेंहि चालावें म्हणून वस्तूचें रूप बदलण्याची तयारी असते. जतनांत मात्र वस्तूचें काम संपलें हें मनाशीं कबूल करून तिचें रूप तेवढें राखण्याचा निश्चय असतो.

हा भेद ज्यास डोळ्यांनीं पाहावयाचा असेल त्यानें पुण्याच्या शनिवार पेठेंत यावें. पेठेच्या एका कडेस शनिवारवाडा आहे. पहिल्या बाजीरावानें १७३० च्या जानेवारींत त्याचा पाया घातला, १७३२ त वास्तुशांत झाली, आणि १८२८ च्या फेब्रुवारींत लागलेल्या आगींत आंतलें लांकूडकाम भस्म झालें. आज उरले आहेत ते तट, दरवाजे आणि जोतीं. त्या जोत्यांवर कोणी नवा दिवाणखाना उभारूं म्हणेल तर तो इतिहासाचा अपराध होईल. त्याच पेठेंत नदीकांठीं ओंकारेश्वराचें देऊळ आहे. तेंहि पेशवाईंतलेंच. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां मुठेचें पाणी ह्या पेठेंत शिरून अनेक वाडे बसले. देवळासहि पुराचा वेढा पडला. पण पाणी ओसरलें, गाळ उपसला गेला, आणि पूजा पुन्हां सुरू झाली. पुढें तेथें विजेचे दिवे लागले म्हणून ओंकारेश्वर बाटला, असें कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. एक वास्तु जतनाची, दुसरी जीर्णोद्धाराची. आणि दोहोंसहि योग्य तोच मान मिळाला आहे.

हा विचार मनांत घोळूं लागण्यास कारण मात्र एक मोटार. आमच्या वडिलांनीं १९६८ सालीं ‘फियाट ११०० डिलाइट’ घेतली. त्यांच्या पश्चात् ती कित्येक वर्षें वाड्याच्या चौकांत मेणकापडाखालीं उभी होती. ती वारसाहक्कानें मजकडे आली तेव्हां दोन सल्ले मिळाले. एका स्नेह्यांनीं सांगितलें कीं, गाडी कारखान्यांतून निघाली तशी हुबेहूब करा आणि प्रदर्शनांत न्या. दुसऱ्यांनीं सांगितलें कीं, भंगारांत द्या आणि मोकळे व्हा. तींत बसून रोज नव्या पुलावरून कॉलेजांत जावें, हा माझा हेतु दोघांसहि हास्यास्पद वाटला. तो तसा आहे कीं काय, हें ठरविण्यासाठीं ह्या मोटारीचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे.

आपल्या देशांत मोटारी जोडण्याचा धंदा जनरल मोटर्सनें १९२८ त मुंबईस सुरू केला; फोर्ड कंपनीहि मागोमाग आली. पण सुटे भाग परदेशचे आणि जोडणी तेवढी येथली, असा तो व्यवहार होता. मोटार येथेंच घडली पाहिजे, हा ध्यास घेतला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांनीं. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत शिकलेल्या ह्या स्थापत्यविशारदानें १९३० नंतरच्या दशकांत अशा कारखान्याची योजना आंखली, आणि सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंद ह्यांनीं ती उचलून धरली. परकी सरकारनें हात दिला नाहीं. तरीहि १९४४ त प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, कुर्ल्यास कारखाना उभा राहिला, आणि १९४७ त क्रायस्लर कंपनीच्या परवान्यानें पहिल्या मोटारी तेथून बाहेर पडल्या. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार झाला; १९५१ पासून चिमुकली ‘फियाट ५००’ आणि १९५४ पासून ‘११००’ येथें तयार होऊं लागली. ह्या दुसरीचें गरगरीत नाक पाहून लोकांनीं तिला ‘डुक्कर फियाट’ असें नांव दिलें, आणि तें अजूनहि जुन्या माणसांच्या तोंडीं आहे.

ह्याच सुमारास, १९५३ त, टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनें ठरविलें कीं, सुटे भाग येथेंच बनविण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशीं नाहीं त्यांनीं हा धंदा सोडावा. जनरल मोटर्स व फोर्ड निघून गेल्या, परदेशी मोटारींची आयात आवळली गेली, आणि पुढें सुमारें तीस वर्षें मध्यमवर्गीय गृहस्थास ॲम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड ह्यांपलीकडे निवड उरली नाहीं. मागणी नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. ह्या धोरणाचे गुणदोष अर्थशास्त्रज्ञांनीं सांगावे. पण त्याचा एक परिणाम असा झाला कीं, जुनी झाली म्हणून मोटार टाकून द्यावी, हा विचारच आपल्याकडे रुजला नाहीं. नाना पेठेंतलीं सुट्या भागांचीं दुकानें, बुधवारीं-रविवारीं भरत आलेला जुना बाजार, आणि एका गाडीचा भाग कानस लावून दुसरीस बसविणारे मिस्त्री ह्यांच्या जिवावर मोटारींचें आयुष्य लांबत गेलें. दारिद्र्यांतून उपजलेली ती एक विद्याच होती.

आतां ‘मूळ रूप’ ह्या शब्दाकडे वळूं. आमच्या गाडीचें इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें आहे. ह्या इंजिनाचें कूळ शोधीत गेलें तर तें १९३७ च्या ‘फियाट ५०८ सी’ ह्या मोटारीपर्यंत पोहोंचतें. दान्ते जियाकोसा ह्या इटालियन यंत्रविशारदाची ती रचना. ‘११००’ ची काया १९५३ ची. आमच्या गाडीचा चौकोनी घाट इटलींत १९६२ त आला आणि १९६६ त तेथून गेलाहि. पण कुर्ल्यास तो १९६४ पासून शतकाच्या अखेरीपर्यंत टिकला. फियाटशीं असलेला करार संपल्यावर तिचें नांव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झालें, १९७४ पासून ‘पद्मिनी’ झालें. शेवटीं शेवटीं तर तिच्या पोटांत डिझेल इंजिनहि बसविण्यांत आलें. म्हणजे ही मोटार कारखान्यांत असतांनाच तिचा जीर्णोद्धार चालला होता! तिचें मूळ रूप म्हणावयाचें तें कोणतें? जियाकोसाच्या कागदावरचें, तुरिनच्या रस्त्यावरचें, कीं कुर्ल्याच्या दारांतून १९६८ त बाहेर पडलें तें?

आणि वडिलांनीं वापरली तिचें काय? पंचवीस-तीस वर्षांत त्यांनीं तिच्यांत पुष्कळ फेरफार केले. मागच्या बैठकीस पेठेंतल्याच एका सुताराकडून सागवानी हातटेकण करून बसविलें, कारण आमच्या आजीस वळणावर धरावयास कांहीं लागे. एका दाराची मूठ दुसऱ्याच फियाटची आहे. प्रत्येक दुरुस्तीची तारीख आणि खर्च त्यांनीं एका वहींत मांडून ठेवला आहे. गाडी कारखान्यांतून निघाली तशी हुबेहूब करावयाची तर हें हातटेकण प्रथम उचकटून काढावें लागेल. मोटारीचा एक दिवस परत मिळेल. पण तिच्या संसाराचीं वर्षें पुसलीं जातील.

युरोपांत ह्या प्रश्नाचा वाद इमारतींच्या निमित्तानें झालेला आहे. फ्रान्समध्यें व्हियोले-ल-द्यूक ह्यानें जुनीं चर्चें अशीं पूर्ण करून दाखविलीं कीं, तशीं तीं पूर्वीं कधींच नसतील. रस्किननें १८४९ त ह्या नूतनीकरणावर कडक टीका केली. इमारतीचा खरा विध्वंस तोच करतो, असें त्याचें म्हणणें. विल्यम मॉरिसनें तर १८७७ त प्राचीन इमारतींच्या रक्षणार्थ संस्थाच काढली, आणि नूतनीकरण नको, वेळच्या वेळीं डागडुजी करा, हा तिचा आग्रह होता. इतिहासाचा अध्यापक ह्या नात्यानें मला मॉरिसचा पक्ष जवळचा वाटतो. मोडी कागदावरचें एक अक्षरहि आपण सुधारीत नाहीं. कसर लागली असेल तर लागलेली राहूं देतों. परंतु कागदाचें काम साक्ष देण्याचें आहे, आणि मोटारीचें काम माणसें वाहून नेण्याचें आहे. कागद पेटींत राहून आपलें काम करीत असतो. पेटींत ठेवलेली मोटार आपलें काम सोडते.

म्हणून मीं जीर्णोद्धाराचा मार्ग धरला. पण त्यास तीन नियम घातले. जेथें जिवाचा प्रश्न आहे तेथें जुनेपणाचा मुलाहिजा ठेवावयाचा नाहीं. जें काढलें तें टाकावयाचें नाहीं. आणि जें बदललें तें लपवावयाचें नाहीं.

पहिल्या नियमानें ब्रेक बदलले. ह्या गाडीचे चारहि ब्रेक एकाच नळीमार्गावर चालत. एक नळी फुटली कीं चारहि चाकें मोकाट. आतां पुढच्या व मागच्या चाकांचे मार्ग वेगळे केले आहेत. पुढच्या बैठकीस पट्टे लावले. फियाटला निराळा सांगाडा नसतो, पत्र्याची कायाच तिचा सांगाडा. म्हणून तळाचा सडलेला पत्रा कापून नवा जोडणें हें शोभेचें काम नसून पाया दुरुस्त करण्यासारखें होतें. जुना डायनामो इंजिन मंद चालत असतां पुरेशी वीज देत नसे. १९६८ च्या मोकळ्या रस्त्यांवर तें चालून जाई. आज अप्पा बळवंत चौकांत पाऊण तास खोळंबलें कीं बॅटरी उतरे. त्याच्या जागीं आल्टर्नेटर बसविला आणि डायनामो पुसून खोक्यांत ठेवला. पेट्रोलांत आतां वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें जुन्या रबरास मानवत नाहीं, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा नवा घेतला. इंजिन, सुकाणूच्या दांड्यावरचा गिअर आणि सागवानी हातटेकण ह्यांस हात लावला नाहीं.

येथें कायद्याचा प्रश्न येतो. मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम उत्पादकानें दिलेल्या मूळ वर्णनाशीं विसंगत असा बदल करूं देत नाहीं. म्हणून काया, इंजिन व रंग जसेच्या तसे राखणें इष्ट. पंधरा वर्षांनंतर खाजगी मोटारीची नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते आणि महाराष्ट्रांत पर्यावरण कर भरावा लागतो. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं निराळे नियम केले. मूळ रूपांत राखलेल्या, सांगाडा, काया वा इंजिन ह्यांत मोठा फेरफार न झालेल्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून विशेष क्रमांक मिळतो. परंतु अशी गाडी प्रदर्शन, शर्यत-संचलन, संशोधन, इंधन किंवा दुरुस्ती ह्यांपुरतीच रस्त्यावर आणतां येते. नित्याच्या कामासाठीं ती चालवितां येत नाहीं. सन्मान हवा तर काम सोडा, असा हा सौदा आहे.

हा नियम अन्यायाचा आहे असें मला म्हणावयाचें नाहीं. कांहीं मोटारी खरोखरच जतनाच्या असतात. लालबहादुर शास्त्री पंतप्रधान असतांना बँकेचें पांच हजार रुपयांचें कर्ज काढून त्यांनीं घेतलेली फियाट दिल्लीस त्यांच्या स्मारकांत ठेवलेली आहे. तिचें चाकहि कोणी बदलूं नये. धुराचा आक्षेपहि खरा आहे. कार्बुरेटरची जुनी गाडी आजच्या गाडीइतकी निर्मळ चालत नाहीं, आणि ती कोणीहि कितीहि चालवावी असें म्हणणारा मनुष्य शहराचा वैरी ठरेल. मुंबईंत टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा आहे. तिच्यामुळें २०२३ च्या ऑक्टोबरांत शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. अनेकांस हळहळ वाटली, पण दिवसरात्र धांवणाऱ्या गाडीस तो नियम योग्यच होता. माझें मागणें एवढेंच कीं, प्रदर्शनाची गाडी आणि भंगाराची गाडी ह्यांच्यामध्यें तिसरा एक वर्ग असावा : धुराची व ब्रेकची कसोटी कडक असावी, वर्षाच्या मैलांस मर्यादा असावी, पण सुरक्षिततेसाठीं केलेल्या फेरफारास मोकळीक असावी आणि गाडीस तिचें काम करूं द्यावें. शनिवारवाडा आणि उकिरडा ह्यांच्यामध्यें ओंकारेश्वरास जागा असते, हें आपल्यास कोणी नव्यानें शिकवावयास नको.

विशेष क्रमांकासाठीं मीं अर्ज केला नाहीं. साध्याच क्रमांकावर नोंदणी नवी करून घेतली. वडिलांच्या वहींत शेवटची नोंद क्लचच्या तारेची होती. तिच्याखालीं एक ओळ सोडून ब्रेकची तारीख आणि खर्च मांडला आहे. पुढचीं पानें अजून पुष्कळ कोरीं आहेत.