पिकअपच्या केबिनमधील फिल्टर वेळीच बदला!

नारायणगावचा टोमॅटो किंवा मंचर-ओतूरचा कांदा बाजार आवारातून निघाला, की पुढचे काही तास पिकअपची केबिन हेच चालकाचे घर असते. गोण्या भरताना उडणारी कांद्याची फोलपटे, शेतरस्त्यांवरील माती आणि पुणे-नाशिक महामार्गावरील डिझेलचा धूर सोसत ही वाहने पुण्या-मुंबईच्या बाजारपेठा गाठतात. इंजिनाचे ऑइल आणि टायरमधील हवा मालक न चुकता पाहतात. चालकाच्या श्वासात जाणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर मात्र बहुधा विस्मरणातच राहतो.

दोन फिल्टर, दोन कामे

इंजिनाचा एअर फिल्टर इंजिनात जाणारी हवा गाळतो. केबिन फिल्टर पंख्यावाटे (ब्लोअर) चालकाकडे येणारी हवा गाळतो. त्यामुळे एक बदलला म्हणजे दुसऱ्याचेही काम झाले, असे होत नाही. वातानुकूलन नसलेल्या अनेक पिकअपमध्ये केबिन फिल्टर नसतोच. १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहनांना वातानुकूलित केबिन बंधनकारक करण्यात आली. त्याहून हलक्या पिकअपना ही सक्ती नाही. म्हणून खरेदीपूर्वी वाहनासोबतची माहितीपुस्तिका पाहावी.

केव्हा बदलावा?

साधारणतः वर्षातून एकदा किंवा १५ ते २० हजार किलोमीटरनंतर फिल्टर बदलण्याची शिफारस असते. धुळीच्या मार्गांवर ही मुदत निम्म्यावर आणणे इष्ट. जुन्नर व आंबेगावचा पूर्व भाग कोरडा, तर पश्चिमेकडे सह्याद्रीचा मुसळधार पाऊस. त्यामुळे उन्हाळी हंगाम संपताना एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा फिल्टर तपासावा. पंखा जोरात फिरूनही हवा कमी येणे, कुबट वास येणे आणि समोरच्या काचेवरील बाष्प लवकर न हटणे ही तो तुंबल्याची लक्षणे होत. आळेफाट्याहून कल्याणकडे जाताना माळशेज घाटात पावसाळी धुके दाटते. तेथे आतूनही काच धुरकट राहिली, तर प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही.

कसा बदलावा?

इंजिन बंद करून किल्ली काढावी. हा फिल्टर बहुतेक वाहनांत डाव्या बाजूच्या कप्प्यामागे, तर काहींत बॉनेटखाली काचेच्या पायथ्याशी असतो. कप्पा रिकामा करून, बाजूच्या खुंट्या सोडवून तो खाली झुकवावा आणि आतील झाकण काढावे. तोंडाला रुमाल बांधून फिल्टर सावकाश, आडवाच बाहेर ओढावा; अन्यथा साचलेली धूळ पंख्यात पडते. बाणाची दिशा लक्षात ठेवावी. खाचेतील पाचोळा काढून ओलसर फडक्याने पुसावे. त्याच मापाचा नवा फिल्टर हवेच्या प्रवाहाच्या दिशेने बसवून पंखा सर्व वेगांवर चालवून पाहावा. सवय झाल्यावर हे काम १५ मिनिटांत होते.

टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने फिल्टर झटकण्याची प्रथा सर्रास आहे. मात्र जोरदार हवेने त्याचे तंतू फाटतात आणि बारीक धूळ गाळली जात नाही. पाण्याने धुतलेला फिल्टर ओलसर राहून बुरशी धरतो. पुस्तिकेत धुण्यायोग्य असा स्पष्ट उल्लेख असेल, तरच तो धुवावा.

फिल्टरची मर्यादा

साधा फिल्टर धूळ व परागकण अडवतो. सक्रिय कोळशाचा थर असलेला काही प्रमाणात दुर्गंधीही शोषतो. परंतु कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दोन्हींना अडवता येत नाही. त्यामुळे बाजाराच्या रांगेत इंजिन सुरू ठेवून, काचा बंद करून झोपणे जिवावर बेतू शकते. रात्रीच्या लांब प्रवासात केबिनमधील हवाच सतत फिरवत ठेवल्यास कार्बन डायऑक्साइड वाढून सुस्ती येते. अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी.

नव्या फिल्टरच्या कडेवर तारीख आणि किलोमीटरचा आकडा पेनाने लिहून ठेवावा. वाहनाचा चालक बदलला, तरी पुढची तपासणी चुकणार नाही.